कुलूपबंद प्रयोगशाळा आणि बीएस्सीचे विद्यार्थी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शैक्षणिक पुरवणीत अलीकडे बीएस्सीच्या विद्यार्थ्यांनी पदवीच्या काळातच प्रयोगशाळेतील संशोधनाचा अनुभव घ्यावा, असे सुचवणारा लेख वाचला. पुणे, मुंबई व बंगळूरु येथील नामवंत संस्थांच्या उन्हाळी कार्यक्रमांची त्यात दिलेली माहिती उपयुक्त आहे. ती खान्देशातील पालकांपर्यंत पोहोचवल्याबद्दल आपले आभार मानलेच पाहिजेत. तथापि लेख वाचून असा समज होतो की संशोधन नावाची गोष्ट कसारा घाट ओलांडल्याशिवाय भेटत नाही. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत सहायक म्हणून माझी सगळी नोकरी गेली, आणि त्या अनुभवावरून मला हा समज खोडून काढावासा वाटतो. आपल्या मुलांना संशोधनाची जी संधी मिळत नाही, तिचे मोठे कारण अंतर नसून जवळच्याच प्रयोगशाळेचे दुपारी पाचला लागणारे कुलूप आहे. हे कुलूप काढायला फारसा पैसा लागत नाही.

आधी बाहेरच्या संधींविषयी, कारण त्या खऱ्या आहेत आणि त्यांकडे पाठ फिरवावी असे मी म्हणत नाही. देशातील तीन विज्ञान अकादमींतर्फे मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती दिली जाते, तिच्यातून विद्यार्थ्याला दोन महिने एखाद्या अनुभवी शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करता येते. अर्जासोबत गुणांचा तपशील, आपल्याला काय शिकायचे आहे याचे छोटे टिपण आणि शिक्षकांचे शिफारसपत्र लागते. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘नियस’ हा उपक्रम २००४ पासून चालवला आहे. केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर’ योजनेची विज्ञान शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपयांची असते, आणि त्यातले २०,००० रुपये उन्हाळ्यात मार्गदर्शकाकडे करायच्या प्रकल्पासाठी राखलेले असतात, हे शिष्यवृत्ती घेणाऱ्या आपल्याकडच्या कित्येक विद्यार्थ्यांना ठाऊकच नसते. मी अनेकांना विचारून पाहिले. ते पैसे फीमध्ये, खोलीभाड्यात किंवा घरच्या बियाण्यात गेलेले असतात, आणि घरची परिस्थिती पाहता त्यांना दोष देण्याचा धीर होत नाही.

मात्र या दारांतून आत जाणाऱ्यांत साक्री, अक्कलकुवा किंवा बोदवडचे विद्यार्थी किती असतील? अशा निवडीत अखेर एक प्रश्न येतोच : तू आजवर प्रयोगशाळेत स्वतः काय केले आहेस? ज्याने तीन वर्षांत फक्त जर्नल, म्हणजे प्रयोगवही, पूर्ण करून सही घेतली आहे, त्याच्याकडे या प्रश्नाला उत्तर नसते. पुण्याच्या प्रयोगशाळेचा रस्ता गावच्या प्रयोगशाळेतूनच जातो, आणि गावच्या प्रयोगशाळेत काय चालते ते मला सांगितले पाहिजे.

प्रॅक्टिकलची बॅच पंधरा-वीस जणांची असते, ब्युरेट, म्हणजे द्रावण मोजून थेंबथेंब सोडण्याच्या काचनळ्या, आठ-दहा असतात, वेळ तीन तासांचा. त्यात हजेरी, मागच्या प्रयोगाच्या सह्या आणि काचसामानाची मोजदाद होते. उरलेल्या वेळात तीन रीडिंग घ्यायची, आणि त्यांपैकी निदान दोन जुळली पाहिजेत. ती जुळली नाहीत तर विद्यार्थी काय करतो हे प्रत्येक प्रयोगशाळा सहायकाला माहीत आहे : तो शेजाऱ्याचे पाहतो, नाहीतर मागच्या वर्षीच्या मुलाचे जर्नल काढतो. कित्येक जर्नलांत मी १०.२, १०.२, १०.२ असे लागोपाठ तीनदा लिहिलेले पाहिले आहे. एवढा अचूक हात तर माझाही कधी नव्हता. आणि एखादी प्रामाणिक मुलगी काकुळतीने येऊन म्हणायची, “आप्पा, मन्हं रीडिंग चुकनं.” तिचे रीडिंग चुकलेले नसायचे. तिच्या ब्युरेटची नळी गळत असायची, किंवा द्रावण तयार करून महिना झालेला असायचा, किंवा आदल्या बॅचने पिपेट नीट धुतलेला नसायचा. हे कारण शोधायला अर्धा तास आणि दुसरी ब्युरेट लागली असती, आणि तो अर्धा तास वेळापत्रकात कधीच नव्हता.

सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचा पहिला शोधनिबंध १९०६ साली ‘फिलॉसॉफिकल मॅगझीन’मध्ये छापून आला, तेव्हा ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकणारे अठरा वर्षांचे विद्यार्थी होते. त्या निबंधाचे मूळ काय होते? कॉलेजच्या साध्या स्पेक्ट्रोमीटरवर लोलकाचा (प्रिझमचा) कोन मोजत असताना त्यांना प्रकाशाचे काही असमान पट्टे दिसले, आणि ते का दिसतात याच्या मागे ते लागले. लोलकाचा कोन आजही धुळ्यात, नंदुरबारात, भुसावळात बीएस्सीचा प्रत्येक भौतिकशास्त्राचा विद्यार्थी मोजतो. पुढे १९०७ मध्ये वित्त खात्याचे अधिकारी म्हणून रामन कलकत्त्यास गेले, आणि कचेरीच्या आधी व नंतर ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. त्या ओस पडलेल्या संस्थेत त्यांना भेटले ते तेथील सहायक आशुतोष डे. डे यांनी विद्यापीठाची पायरी कधी चढली नव्हती. तरीही ते पुढे रामन यांच्या प्रयोगांतील साथीदार झाले, आणि त्यांच्या एकट्याच्या नावाचा एक निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दर वर्षी २८ फेब्रुवारीला आपल्या महाविद्यालयांत विज्ञान दिनाची भाषणे होतात, त्यांत रामन यांचा शोध येतो, नोबेल पारितोषिक येते. अवेळी उघड्या मिळालेल्या प्रयोगशाळेविषयी आणि तिथल्या सहायकाविषयी कोणी बोलल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. माझ्या पेशाचा अभिमान यात डोकावतो आहे, हे मान्य.

आपल्याकडे दार अवेळी का उघडत नाही, याची उत्तरे फार साधी आहेत. प्रयोगशाळेतील प्रत्येक वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे सामानाच्या कायम नोंदवहीत, नोंदलेली असते आणि ती नोंद कोणाच्या तरी अंगावर असते. दिलेले उपकरण बिघडले तर खुलासा विभागप्रमुखाला आणि सहायकाला द्यावा लागतो, न वापरता ते कपाटात गंजले तर कोणालाच द्यावा लागत नाही. असा नियम असेल तर शहाणा माणूस कपाटाला कुलूपच लावणार. एका महाविद्यालयात अनुदानातून घेतलेला स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषते ते मोजणारे यंत्र, माझ्यासमोर वर्षानुवर्षे आच्छादनाखाली पडून होता. मूल्यांकन समिती यायची असली की आच्छादन निघायचे, यंत्र पुसले जायचे, शेजारी सूचनांचा तक्ता लागायचा. त्यातला दिवा गेलेला होता. नवा दिवा घ्यायचा तर खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा हे ठरेना. उपकरण खरेदीला पैसा असतो, दुरुस्तीला नसतो, आणि वापरायला तर विचारूच नये.

त्यात माणसांची वानवा. विज्ञान विभागांतील अनेक प्राध्यापक आज सीएचबीवर, म्हणजे तासाच्या मानधनावर काम करतात. एका महाविद्यालयात सकाळी आणि दुसऱ्यात दुपारी तास घेणाऱ्या त्या तरुण शिक्षकाने सायंकाळी विद्यार्थ्याच्या प्रकल्पासाठी थांबावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? शिक्षकेतर भरती रखडलेली असल्यामुळे दोन-तीन प्रयोगशाळांना मिळून एक परिचर, हे चित्रही नवे नाही. तरीदेखील दर विभागात एखादा शिक्षक असा असतोच, ज्याला मनापासून काही करायचे असते, आणि दर वर्गात दोन-तीन मुले-मुली अशी असतात, ज्यांचे लक्ष घड्याळाकडे नसते. या दोघांची गाठ घालून देण्याइतकेच काम व्यवस्थेने करायचे आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की आमच्याकडे उपकरणेच नाहीत तर संशोधन कसले करणार. मी अगदी साधे उदाहरण घेतो. पाण्याचा कठीणपणा (त्यातल्या क्षारांमुळे येणारा जडपणा) ईडीटीए या रसायनाच्या द्रावणाने मोजण्याचा प्रयोग रसायनशास्त्राच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या हातून जातो. नमुन्याची आम्लता स्थिर राहावी म्हणून दहा पीएचचे बफर घालायचे, एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग बदलणारा सूचक टाकायचा, आणि दारूसारखा लाल रंग निळा होईपर्यंत ब्युरेटमधून ईडीटीए सोडायचे. पन्नास मिलिलिटर पाणी आणि ०.०१ मोलर ईडीटीए घेतले, तर ब्युरेटचा प्रत्येक मिलिलिटर म्हणजे लिटरमागे २० मिलिग्रॅम कठीणपणा. पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या भारतीय मानकाप्रमाणे २०० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी चांगले, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंतचे चालवून घेतले जाते. म्हणजे दहा मिलिलिटरला रंग बदलला तर पाणी पहिल्या मर्यादेवर आहे, तीसच्या पुढे गेले तर दुसरीही ओलांडली. हा हिशेब दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला तोंडी करता येतो. पण त्याला पाणी कोणते दिले जाते? सहायकाने सकाळी बाटलीत भरून ठेवलेले नळाचे, नाहीतर मुद्दाम बनवलेले द्रावण.

आता हाच प्रयोग त्याच विद्यार्थ्याने आपल्या गावच्या पाच विहिरींवर आणि पाच कूपनलिकांवर करायचा ठरवले तर? एकदा मे महिन्यात, एकदा पावसाळा संपल्यावर, आणि असे लागोपाठ तीन वर्षे. साक्री-पारोळ्याकडे काळ्या बेसॉल्ट खडकातले पाणी आहे, तर चोपडा, यावल, रावेर पट्ट्यात तापीच्या गाळाच्या जमिनीतून अतिशय खोलवरून पाणी उपसले जाते आणि केळीच्या बागांमुळे तेथील पातळी सतत खाली जात आली आहे. या दोन प्रदेशांतल्या पाण्याचा कठीणपणा कसा बदलतो, पुनर्भरण झालेल्या नाल्याजवळच्या विहिरीत फरक पडतो का, खोलीबरोबर काय होते, हे प्रश्न कोणा परदेशी नियतकालिकातून उसने आणावे लागत नाहीत. यंत्र चालू असेल तर त्यात नायट्रेट जोडता येते : अतिनील स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २२० नॅनोमीटर तरंगलांबीला वाचन घ्यायचे आणि सेंद्रिय पदार्थांची वजावट करण्यासाठी २७५ ला. नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम असून तिच्यात कोणतीही सूट नाही, कारण तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता त्याने घटते. नायट्रेट पाण्यात उतरते ते बरेचसे खतांतून, आणि कापूस आणि केळीला युरिया किती पडतो हे गावातल्या मुलाला प्राध्यापकापेक्षा जास्त माहीत असते. ही त्याची जमेची बाजू आहे, आणि आपली प्रॅक्टिकलची पद्धत ती दाराबाहेर ठेवून त्याला आत घेते.

अशा कामाला संशोधन म्हणावे का, असे काही विद्वान विचारतील. माझ्या मते म्हणावे, पण काही अटींवर. नमुना कोठून, किती वाजता, कोणी घेतला याची नोंद हवी, प्रत्येक नमुना तीनदा तपासलेला हवा, शुद्ध पाण्याचा कोरा नमुना सोबत चालवलेला हवा, आणि न जुळणारे वाचन खोडून न टाकता कारणासह वहीत राहिले पाहिजे. यांपैकी एकही अट महागडी नाही. या अटी पाळून तीन वर्षांची एक वही तयार झाली तर ती ग्रामपंचायतीच्या उपयोगाची, पुढच्या तुकडीच्या उपयोगाची, आणि त्या विद्यार्थ्याने अकादमीच्या अर्जात लिहावे अशी ठरेल. दोन आठवड्यांत तयार केलेले चकचकीत पोस्टर तशा कामाचे नसते. ‘आविष्कार’ या आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धेत आपल्या भागातील मुलांनी खरोखर चांगली कामे मांडलेली मी पाहिली आहेत, तसाच आदल्या वर्षीचा प्रकल्प नवे शीर्षक लावून आलेलाही पाहिला आहे. स्पर्धा जवळ आली की प्रयोगशाळा उघडतात, हे चांगलेच, पण स्पर्धा संपली की त्या पुन्हा बंद होतात.

वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्राच्या मुलांसाठी तर केळीची बाग हीच प्रयोगशाळा आहे. रावेर-यावलमध्ये कुकुंबर मोझॅक विषाणूने केळीच्या नव्या लागवडी उपटून टाकाव्या लागल्याचे आपल्याच दैनिकात वाचले आहे. हा विषाणू मावा ही कीड पसरवते, आणि काकडीवर्गीय पिकांवर तसेच बांधावरच्या केन्यासारख्या तणांवर तो टिकून राहतो. लागवडीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत पिवळ्या चिकट सापळ्यांवर दर आठवड्याला किती मावा येतो, तण काढलेल्या आणि न काढलेल्या बागेत फरक दिसतो का, शेजारी काकडी-भोपळा असला तर काय होते, हे मोजायला हातभिंग, सापळे आणि चिकाटी लागते. विषाणूची खात्री करायला एलायझासारखी चाचणी लागेल, ती महाविद्यालयात होणार नाही. त्यासाठी जळगावचे केळी संशोधन केंद्र आहे, पाल आणि ममुराबादची कृषी विज्ञान केंद्रे आहेत, धुळ्याचे कृषी महाविद्यालय आहे. विज्ञान महाविद्यालये आणि या कृषी संस्था एकाच जिल्ह्यात असूनही एकमेकांकडे पाहुण्यासारख्या जातात. उद्घाटनाला बोलावणे असते, कामाला नसते.

एका विषयात मात्र मला सावधगिरी सुचवायची आहे. नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी समाजात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय असल्यामुळे, आणि २०२३ मध्ये केंद्र सरकारने २०४७ पर्यंत हा आजार संपवण्याचे अभियान सुरू केल्यामुळे, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत या विषयाकडे ओढा वाढला आहे. हेतू चांगला असला तरी गावात जाऊन रक्ताचे थेंब घेणे हे पदवीच्या विद्यार्थ्याचे काम नव्हे. त्याला नैतिकता समितीची मान्यता, लेखी संमती आणि वैद्यकीय देखरेख लागते, आणि एखाद्या मुलीचा तपासणीचा निकाल गावात फुटला तर तिच्या लग्नाच्या बोलणीपर्यंत त्याचे पडसाद जातात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाबरोबर रीतसर काम होणार असेल तरच त्यात पडावे.

हा सगळा विषय आत्ताच मांडण्याचे कारण वेळापत्रकाचे आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून चार वर्षांच्या पदवीचा आराखडा लागू झाला, म्हणजे त्या तुकडीचे चौथे वर्ष २०२७-२८ मध्ये येईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ हा मार्ग घेता येतो, आणि त्यात १२ श्रेयांकांचा (क्रेडिटचा) संशोधन प्रकल्प करावा लागतो. तीन वर्षे १०.२ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी आपण अचानक संशोधन करायला सांगणार आहोत. त्याआधीच्या वर्षांत क्षेत्रप्रकल्प आणि ऑन जॉब ट्रेनिंगचे श्रेयांक आहेत, तेही कागदावर छान दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्यासाठी प्रमाणपत्रांचा बाजार सुरू झाला आहे. पैसे भरा, आठ दिवस मोबाइलवर व्हिडिओ पाहा, आणि ‘रिसर्च इंटर्न’ असे सोनेरी अक्षरांत लिहिलेला कागद घ्या. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प तर आधीपासून मिळतातच. पालकांना माझी विनंती आहे की, संधी देणाराच विद्यार्थ्याकडून पैसे मागत असेल, तर मुलाने तिथे स्वतःच्या हाताने कोणते मोजमाप केले एवढे विचारावे. उत्तर आले नाही तर पैसे वाचवावेत. तेलबियांवर, डाळींवर, पाइपवर प्रक्रिया करणाऱ्या जळगावच्या कारखान्यांत गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळा आहेत. तिथे महिनाभर उभे राहून ओलावा आणि आम्लता मोजणारा विद्यार्थी त्या सोनेरी कागदापेक्षा कितीतरी अधिक शिकेल.

आता काय करता येईल ते सांगतो. पहिली गोष्ट वेळेची. आपले बहुसंख्य विद्यार्थी एसटीचा पास काढून खेड्यातून येतात आणि शेवटची सोयीची गाडी पाचच्या आसपास सुटते. मुलींच्या बाबतीत तर त्यानंतर थांबण्याचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे प्रयोगशाळा रात्री आठपर्यंत उघडी ठेवा, ही मागणी शहरात शोभेल, आपल्याकडे नाही. आपल्याकडे प्रकल्पाच्या मुलांसाठी आठवड्यातली एक पूर्ण दुपार तासांतून मोकळी ठेवली पाहिजे, आणि दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीत निवडक दिवस सकाळी आठ ते बारा प्रयोगशाळा चालू असली पाहिजे. सकाळच म्हणतो, कारण मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा पुस्तकातल्या ‘खोलीच्या तापमाना’ला काही अर्थ उरत नाही, आणि इन्क्युबेटरपेक्षा वऱ्हांडाच जास्त तापलेला असतो.

दुसरी गोष्ट पैशाची. सुट्टीत घरी कपाशीच्या लागवडीची तयारी असते, मजुरी मिळणार असते, आणि ती सोडून मुलगा प्रयोगशाळेत आला तर घरच्यांना ते परवडत नाही. विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना आहे. तिच्यातून मुले बागेत पाणी घालतात, ग्रंथालयात पुस्तके लावतात. त्याच योजनेत प्रयोगशाळेचे काम का असू नये? द्रावणे तयार करणे, काचसामान धुणे, उपकरणांची तपासणी करून नोंद ठेवणे, ही कामे मुलांनी मानधनावर केली तर रिकाम्या पदांचा भार थोडा हलका होईल आणि मुलांचा हात बसेल. काचसामान धुण्याला कोणी कमी लेखू नये. स्वच्छ पिपेटमधून पाण्याचा थर अखंड ओघळतो आणि घाणेरड्यात थेंब चिकटून राहतात, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याला आपल्या चुकलेल्या वाचनाचे अर्धे कारण सापडलेले असते. मात्र दोन महिने फक्त धुवायलाच लावले तर ती संधी नव्हे, ती वेठबिगारी. विद्यार्थ्याला स्वतःचा एक प्रश्न आणि स्वतःची एक वही मिळालीच पाहिजे.

तिसरी गोष्ट कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने करावयाची आहे. विद्यापीठाच्या प्रशाळांत जी उपकरणे आहेत, ती संलग्न महाविद्यालयांच्या आवाक्यातली नाहीत. पदवीच्या विद्यार्थ्याला तेथे आठवड्यातून ठरावीक वेळी नमुना तपासून घेता यावा, आणि तपासणी होताना यंत्राजवळ उभे राहता यावे. नमुना पाठवून छापील निकाल घरी मागवण्याला माझ्या लेखी शून्य किंमत आहे. त्याचबरोबर विद्यापीठाने एक साधी यादी प्रसिद्ध करावी : धुळे, जळगाव व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत कोणत्या महाविद्यालयात कोणते उपकरण चालू स्थितीत आहे, आणि कोणते शिक्षक पदवीच्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी घ्यायला तयार आहेत. मूल्यांकनाच्या अहवालांत ही माहिती असतेच, फक्त विद्यार्थ्याला वाचता येईल अशा ठिकाणी नसते. आणि प्रकल्पाच्या वापरात उपकरण बिघडले तर सहायकाकडून खुलासा मागू नये, दुरुस्तीचा छोटा निधी वेगळा ठेवावा, असे परिपत्रक निघाले, तर कपाटांची निम्मी कुलुपे दुसऱ्या दिवशी निघतील, याची मला खात्री आहे.

विद्यार्थ्यांसाठीही दोन शब्द, कारण सगळे व्यवस्थेवर ढकलून चालणार नाही. बाहेरच्या शास्त्रज्ञांना पाठवायचे ईमेल मुले माझ्याकडे दाखवायला आणत असत. एकच मजकूर शंभर जणांना, त्यात ‘मला आपल्या विषयात अतिशय रस आहे’ हे वाक्य, आणि विषय कोणता याचा पत्ता नाही. त्याऐवजी एका शास्त्रज्ञाचा एक निबंध मिळवावा, पहिला आणि शेवटचा भाग तरी शिक्षकांबरोबर बसून समजून घ्यावा, आणि आठ-दहा ओळींत लिहावे की मी अमुक वाचले, अमुक समजले नाही, मला मोलर द्रावण बनवता येते, सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी करता येते, अमुक तारखेपासून दोन महिने मी मोकळा आहे. इंग्रजी मोडके असले तरी चालते, माहिती खरी असावी. अशा पत्रांनाही उत्तर येतेच असे नाही. पण ज्या मुलांना उत्तरे आली, त्यांची पत्रे या धर्तीची होती. हे सर्व शेवटच्या वर्षाच्या जानेवारीत सुचून उपयोग नाही, दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आपल्याच विभागातील एका शिक्षकाला गाठून ‘मला काही मोजायला द्या’ म्हणावे. शिक्षक पहिल्यांदा हसतील, दुसऱ्यांदा टाळतील. तिसऱ्यांदा बहुधा काहीतरी काम देतील.

आपल्या दैनिकाकडूनही एक अपेक्षा आहे. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की आपण महाविद्यालयांच्या जाहिराती आणि गुणवंतांची छायाचित्रे छापता. पुढील प्रवेशांच्या आधी तिन्ही जिल्ह्यांतील विज्ञान महाविद्यालयांना आपल्या प्रतिनिधीमार्फत दोनच प्रश्न विचारावेत : आपली प्रयोगशाळा प्रॅक्टिकलच्या तासांखेरीज विद्यार्थ्यांसाठी केव्हा उघडी असते, आणि गेल्या वर्षी पदवीच्या किती विद्यार्थ्यांनी तेथे स्वतःचा प्रकल्प केला. उत्तरे महाविद्यालयाच्या नावासह, टिप्पणी न करता, एका पानावर छापावीत. ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांच्या नावापुढे जागा कोरी सोडावी.

कळावे,
आपला एक वाचक,
निवृत्त प्रयोगशाळा सहायक, धुळे